गुडघ्याशी लावलेली कडी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. लेक झाल्यापासून मी गॅस बंद केलाय का ते तीनदा बघते, आणि मग तीनदा बघितलं का ते आठवत बसते.

भाड्याच्या या घरात येऊन आम्हाला दोन महिने झाले होते. नवरा नोकरीच्या गावी, यायचा तो शनिवारी. घरात मी आणि दहा महिन्यांची लेक. अशात मागच्या गल्लीत भरदिवसा घरफोडी झाली. मी आधी सुतारकाकांना फोन केला, मग सासूबाईंना.

"तुझ्याकडून चोर काय नेणार गं? दुपटी?"

"आई, तुमची नात आहे इथे."

मग म्हणाल्या, "चांगल्या दणकट कड्या लावून घे."

काका सकाळी दहाला आले. साठीचे, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. कडी जिच्यात शिरते ती चौकटीवरची पट्टी त्यांनी काढली आणि तिचे स्क्रू माझ्या तळहातावर ठेवले. नखाएवढे.

"यांच्या भरवशावर झोपत होतात, ताई? एक लाथ, की माणूस आत."

त्यांनी बोटभर लांबीचे स्क्रू चौकटीतून थेट भिंतीत नेले. बिजागऱ्यांनाही तेच. दोन जाडजूड कड्या, एक छातीशी, एक डोक्याच्या वर. बाहेर बघायला दारात भिंग. मला इतकं बरं वाटलं की मी चहा दोनदा केला.

मग ते चौकटीपाशी उकिडवे बसले, आणि बसूनच राहिले.

"इथे आधी कधी दार फोडलं होतं का?"

"मालक तर काही बोलले नाहीत."

गुडघ्याच्या उंचीवर त्यांनी पटाशीनं रंग खरवडला. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली चिरफाळलेलं लाकूड.

"चोरानं दार फोडलं की चौकट आतल्या बाजूला फाटते," ते म्हणाले. "ही बाहेर फाटलीय. कुणीतरी आतून ढकललंय. एकदा नाही. पुष्कळदा."

"पण दार आत उघडतं ना! आतल्या माणसानं कडी काढायची आणि ओढायचं. ढकलेल कशाला?"

"कडीला हात पोचत असेल तर ओढेल," काका म्हणाले. मग बोललोच नाही अशा थाटात उठले. "चला, खांदा मारून बघू. त्याशिवाय मी दार सोपवत नाही. मी बाहेरून ढकलतो, तुम्ही पट्टीवर नजर ठेवा."

ते बाहेर गेले. मी दोन्ही कड्या घातल्या आणि लेकीला कडेवर घेऊन उभी राहिले.

दार करकरलं. पट्टी जागची हलली नाही. मी खूश. पुन्हा करकरलं, या वेळी लांबलचक, दमानं... कुणी अंगाचा सगळा भार टाकून उभं असावं तसं.

"काका, पुरे! पक्कं आहे."

करकर चालूच.

मी भिंगाला डोळा लावला. काका पार फाटकापाशी होते, माझ्याकडे पाठ करून, स्कूटरच्या डिकीत काहीतरी शोधत.

मी खाली बघितलं. दाराचा खालचा भाग माझ्या अंगावर येत नव्हता. बाहेरच्या बाजूला वाकत होता. माझ्यापासून लांब.

आणि लेक कडेवरून ओणवी होऊन, माझ्या गुडघ्याशेजारच्या रिकाम्या जागेला आपला खुळखुळा देऊ करत होती.

कड्या कशा काढल्या, आठवत नाही. काका परत आले तेव्हा मी अंगणात होते.

"ताई, अजून मी हातही लावला नाही दाराला. कानस सापडत नव्हती..." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली कानस खाली ठेवली.

"काका, अजून एक कडी लावा," मी म्हटलं. "लहान. हलकी सरकणारी. इथे." आणि गुडघ्यावर हात ठेवला.

त्यांनी लावली. आधी तिला तेल दिलं.

त्या रात्री मी फक्त तीच कडी लावली. वरच्या दोन्ही, भिंतीत रुतलेल्या, सताड उघड्या. चोराच्या भीतीनं एवढा खटाटोप केला, आणि शेवटी म्हटलं, चोर परवडला. खोलीचं दार लावून, लेकीला पोटाशी धरून पडून राहिले.

उजाडलं तेव्हा खालची कडी सरकवलेली होती. दार चार बोटं उघडं. बाहेर अंगण, फाटक, रस्ता; कुणी नाही. गेलं एकदाचं. बिचारं किती दिवस वाट बघत होतं कोण जाणे, असंही वाटून गेलं. मला हसू आलं, थोडं रडूही. दार तसंच ठेवून मी लेकीचं दूध गरम करायला स्वयंपाकघरात गेले. फार तर पाच मिनिटं.

परत आले तर दार लावलेलं होतं.

वरच्या दोन्ही कड्या उघड्याच. खालची तेवढी घातलेली, नीट, शेवटपर्यंत सरकवून. दार उघडं राहिलेलं मला खपत नाही, हे दोन महिन्यांत कुणीतरी बघून ठेवलं असावं.