कोळशीच्या वाटचं दूध

दुपारचं दूध आलं की भागीरथा त्यातलं अर्धं बाजूला काढायची. कान तुटलेल्या कपात ओतायचं, वर भाकरीचा चुरा टाकायचा आणि कप मावशीच्या हातात द्यायचा.

"मावशी, तेवढं कोळशीले टाकून या."

"टाकतो बाई, टाकतो," मावशी करवादायची. "तुह्यं बाळंतपण कराले आली होती मी, मांजरीचं मांगून गळ्यात पडलं."

गोष्ट राजूरची आहे, छप्पन-सत्तावनच्या उन्हाळ्यातली. कोळशाच्या खाणीच्या जुन्या लाइनीत, म्हणजे कामगारांच्या चाळीत, एका ओळीत सात खोल्या होत्या. नवी लाइन बांधून झाली तशी माणसं एकेक करून तिकडे राहायला गेली आणि जुन्या लाइनीत राहिलं फक्त सातव्या खोलीतलं बिऱ्हाड. भागीरथाचा नवरा श्रावण खाणीत पाणी उपसायच्या पंपावर होता. त्यालाही जायचं होतं, पण भागीरथा बाळंतीण. सव्वा महिना झाल्याशिवाय तिने उंबरठा ओलांडायचा नाही, असं त्याच्या रुखमामावशीने बजावलं होतं आणि मावशीपुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. पहिलं लेकरू पाचवी पुजायच्या आतच गेलं होतं. आता हे दुसरं. त्याला जपायचं म्हणून मावशी खास बोरी अरबहून आली होती.

कोळशी आदल्या पावसाळ्यात आली होती, मुठीएवढी, भिजलेली, काळीकुट्ट. भागीरथानेच तिला वाढवलं. तिच्या अंगावरचे गोचीड काढायचे, कोपऱ्यात राखेची पाटी ठेवायची, चुलीजवळ पोत्याची घडी घालायची. पुढे दोघींचे दिवस एकदमच भरत आले. भागीरथाचं लेकरू आठ दिवसांचं झालं आणि कोळशी तिच्याच बाजेखाली व्याली. तीन पिल्लं.

मावशीने कपाळाला हात लावला. "मांजर लेकराचा श्वास ओढते. आत्ताच्या आत्ता काढ हे इथून."

"मारली तं सोन्याची मांजर करून काशीले न्या लागते, मावशी," श्रावण म्हणाला. "आपल्याजवळ तं पितळीची बी नाही."

मग त्यानेच तोड काढली. पहिल्या खोलीत पूर्वी खाणीची पोती न् घमेली ठेवत. तिला खिडकी नव्हती आणि तिची भिंत छपराच्या कवेलूपर्यंत चढवलेली होती. त्याने कोळशीला पिल्लांसकट तिथे ठेवलं आणि कुलूप घातलं. महिन्याभराचा तर सवाल होता. दाराखालच्या फटीतून मावशी बशीत दूध सरकवत जाईल, असं ठरलं.

बाकीच्या सहा खोल्यांमधल्या भिंती पुरुषभर उंचीच्या होत्या. त्यांच्यावर कवेलूपर्यंत सगळं मोकळं. एका खोलीत कोणी खोकलं तर पार शेवटच्या खोलीत ऐकू जायचं.

कुलूप घातल्याच्या दहाव्या-बाराव्या दिवशी भर दुपारी लांबून आवाज आला. धप्. भिंतीवरून काहीतरी मऊ खाली उतरल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी तोच आवाज, जरा जवळून. तिसऱ्या दिवशी आणखी जवळून.

भागीरथाचा चेहरा खुलला. "कोळशी सुटली वाटते, मावशी! पिल्लं फिरवून राह्यली. मांजर सात घरं फिरवते ना..."

मावशीचा शेगडीवरचा हात थांबला. "सुटन कशी? कुलूप हाय."

"मंग आवाज कायचा?"

मावशीने धुरीसाठी निखाऱ्यावर मूठभर ओवा टाकला. त्या दिवसापासून ती धुरी जास्तच टाकू लागली, कारण वाऱ्याबरोबर एक वास यायचा. मेलेल्या उंदरासारखा, थोडासा नासलेल्या दुधासारखा. आवाज मात्र रोज येत होता, चौथ्या खोलीतून, मग पाचवीतून. बुधवारी तो सहाव्या खोलीत उतरला. अगदी भिंतीपलीकडे.

गुरुवारी बाजार. गूळ न् डिंक संपला होता.

"मी येतोच घंटाभरात," मावशी म्हणाली. "बाहेरून कडी लावतो. उन्हाच्या झावा सुटल्या, वाऱ्यानं दार आपटन, अन् तू उठशील. निजून राह्य."

"कडी नका लावू, मावशी..."

"काहून? कोण खाऊन राह्यलं तुले?"

बाहेरून कडी पडली. खोलीत अंधार झाला. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ तेवढी आत आली होती. बाजेखाली शेगडी धुमसत होती. लेकरू झोपलं होतं, त्याची प्यायची वेळ टळून गेली होती आणि भागीरथाची छाती दगडासारखी ताठली होती. उठवावं का? तिने लेकराला कुशीत ओढलं आणि पदराचं टोक त्याच्या कमरेला बांधलं. पक्की गाठ मारली.

भिंतीच्या माथ्यावरून कोळशाची धूळ खाली सांडली. बारीक धार.

"कोळशी?" ती हळूच म्हणाली. "कोळशे... तू आहे का?"

काही नाही. तेवढ्यात तो वास आला. या वेळी वारा नव्हता.

डोळा लावायचा नाही, असं तिने मनाशी घोकलं. पण ती धुरी, ती तलखी, वीस-पंचवीस रात्रींचं जागरण. पापणी एकदा लवली, बस.

उघडली तेव्हा पदराची गाठ तशीच होती. गाठीत लेकरू नव्हतं.

तिने बाज चाचपली. बाजेखाली पाहिलं. आणि मग भिंतीपलीकडून आवाज आला... चुट् चुट्... चुट् चुट्... लेकरू पीत होतं. रडत नव्हतं. पोटभर मिळतं तेव्हा ते जसं पितं, तसं पीत होतं. आणि त्याच्याखाली संथ, जाड घुरघुर.

तिने दारावर धडका मारल्या. "मावशी! अवो कोणी आहे का... माय वं... दार उघडा!" लाइनीत होतंच कोण? साखळी नुसती खुळखुळली. खाणीचा पंप लांबवर धकधक करत राहिला.

धान्याची कोठी होती भिंतीला लागून. ती तिच्यावर चढली, कोपरं भिंतीवर टेकली आणि पलीकडे डोकावली. धुळीने भरलेल्या त्या खोलीत पोत्याची एक घडी होती. घडीवर तिचं लेकरू, पाय पोटाशी घेऊन, कुशीवर. त्याच्या शेजारी कोणी नव्हतं. पण पोतं तिथे दबलेलं होतं, आणि दबलेलं ते श्वासासारखं खालीवर होत होतं.

तिने हात खाली सोडला. पुरेना.

"सोन्या..."

मागे कडी वाजली. उजेड आत आला.

"काय वो पोरी, कोठीवर कायले चढली? आंग ओलं हाय अजून तुह्यं!"

"मावशी... लेकरू... तिकडं..."

"काय तिकडं? लेकरू तं बाजीवर हाय."

होतं. बाजेवरच झोपलेलं. ओठाच्या कडेला दुधाचा थेंब.

मावशीने त्याला उचललं, मानेखाली हात घातला आणि हात तसाच बाहेर काढला. मान ओली होती. मागच्या कातडीवर चार लाल ठिपके होते, दोन वर, दोन खाली. पिल्लाला जिथे धरतात तिथे.

मावशी लेकराला घेऊन बाजेवर टेकली.

"मी दूध टाकलंच नाही, भागी... एक दिवस बी नाही. पह्यलं लेकरू गेलं तुह्यं. आंगावर दूध यावं मनून... तेच दूध तुह्या लापशीत घातलं."

"मंजे कोळशीच्या वाटचं..."

"तूच पेली, माय."

भागीरथाने छातीवर हात ठेवला. मघाची ताठ छाती आता मोकळी होती, पार रिकामी.

संध्याकाळी श्रावणने पहिल्या खोलीचं कुलूप काढलं. परत आल्यावर तो रांजणाजवळ हात धूतच राहिला.

"चारी तिथंच हायेत," तो शेवटी म्हणाला. "कुठं गेल्याच नाही. आठ-दहा दिवस झाले असन मरून." मग बायकोकडे न पाहता म्हणाला, "उद्या नव्या लाइनीत जाऊ. सव्वा महिना गेला चुलीत."

मावशी नाही म्हणाली नाही.

भागीरथा लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. "तिकडं लाइनीत खोल्या किती हायेत वो?" तिने विचारलं.

"सातच. काहून?"

दुपारपासून तिच्या दातांत काहीतरी अडकलं होतं, तिची जीभ सारखी तिथेच जात होती. तिने दोन बोटं घालून ते ओढून काढलं. बोटभर लांब हिरवा धागा.

लेकराच्या अंगड्याला गळ्यामागे हिरवी कड होती. ती तिथेच उसवली होती.