धवललेप

पेटीच्या आतल्या भिंती दुधासारख्या पांढऱ्या होत्या आणि वर अतिनील दिवा जळत होता. डॉ. हसन मुकादमांनी आत सुका बोंबील टाकला, झाकण लावलं, थोडा वेळ गप्पा मारल्या आणि मग झाकण उघडून म्हणाले, "या बाई, नाक आणा इकडे. उपास असला तरी चालेल, वासानं मोडत नाही."

डॉ. वैजयंती परुळेकर वाकल्या. बोंबील समोर होता, वास मात्र नव्हता.

"हे काय गौडबंगाल?" पालिकेच्या आरोग्य अधिकारी डॉ. सुमेधा तांबट यांनी विचारलं. लेपाला परवानगी द्यायची की नाही, हे त्या ठरवणार होत्या.

"टायटॅनियम डायऑक्साइड," वैजयंती म्हणाल्या. "किनाऱ्यावरची काळी रेती गंधकाम्लात मुरवायची, लोह काढून टाकायचं आणि उरलेला साका भाजायचा. पांढरीशुभ्र भुकटी मिळते. तुमच्या टूथपेस्टमध्येही ती असते. आम्ही कण फक्त फार बारीक केले. अतिनील प्रकाश पडला की भिंतीला टेकणारा सेंद्रिय रेणू तुटतो. भुकटी प्रकाश-उत्प्रेरक आहे, ती स्वतः झिजत नाही."

"म्हणजे हवेतलं सगळंच खाणार ती?"

"सगळं कसं खाईल?" मुकादम हसले. "भिंतीला एका वेळी टेकून टेकून टेकणार किती रेणू? कणभर असेल ते बघता बघता संपतं, ढीगभर असेल त्याचा केसही वाकडा होत नाही. आणि आपल्याला मारणारं विष कणभरच असतं, तांबटबाई."

वैजयंती हसल्या नाहीत. वाशिष्ठीनगरच्या कारखान्यांचा धूर त्यांच्या मुलाच्या, निकेतच्या छातीत बसला होता. त्याचे वडील याच धुरानं गेले. आता तोही रात्र रात्र उशीला टेकून बसायचा, प्रत्येक श्वासाला त्याचे खांदे वर जायचे. एवढंसं पोर कुणाला हाकही मारायचं नाही, कारण हाकेला श्वास लागतो.

पहिला लेप त्यांनी स्वतःच्याच घरी दिला आणि वर अतिनील दिवे बसवले. बाहेरची हवा आत आली तर लेप पुरा पडत नसे, म्हणून खिडक्या रबराच्या पट्ट्यांनी बंद केल्या. त्या रात्री निकेत आडवा झोपला. वैजयंती उशाशी बसून ऐकत राहिल्या. ऐकू येण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्यांना हवं होतं.

वर्षभरात शहरातली घरं पांढरी झाली. मग हळूहळू लक्षात आलं की वासही कणभरच असतो.

"वैजू, बिनवासाचं फूल देवाला वाहू नये गं," आई म्हणाली. "मोगरा आणला तरी कागदासारखा."

"आई, निकेतचा श्वास चालतोय ना?"

"चालतोय हो. पण पोर जेवतंय कुठे? रोज विचारतं, आजी, वरणावर तूप घातलंस का? त्याच्या डोळ्यांदेखत घालते, तरी विचारतं."

निकेतच्या बरगड्या दिसू लागल्या. तांबटबाईंनी सांगितलं, तान्ही बाळं आईच्या अंगाचा वास येत नाही म्हणून दुधाकडून तोंड फिरवतात. वैजयंतींनी एकदा घरचे अतिनील दिवे मालवून पाहिले, तर पहाटेपर्यंत त्याचे खांदे वर जाऊ लागले. त्यांनी दिवे पुन्हा लावले. दोन्हीकडून वाट बंद होती. देवाकडे मागायचं तरी काय, हेच त्यांना कळेना.

एका संध्याकाळी त्यांनी प्रयोगशाळेतून घरी फोन लावला. "आई, काही खाल्लं का त्यानं?"

"दूध तापत ठेवलं होतं, ते मेलं उतू गेलं. मी पोथी वाचत बसले होते. आत्ता आले तर शेगडी विझलेली."

"बटण बंद केलंस ना?"

"विझलीच आहे म्हटलं ना! बघते दिवा लावून झाल्यावर. वासबीस काही नाही गं. गॅस सुटला असता तर उभं तरी राहवलं असतं का इथे? थांब, तिन्हीसांजा झाल्या." फोन देवासमोरच्या फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

वैजयंती ताडकन उठल्या. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एक उग्र द्रव्य मिसळतात. कणभर. ते भिंतींनी केव्हाच खाल्लं असणार. गॅस मात्र ढीगभर होता, आणि खिडक्यांना पट्ट्या होत्या.

"आई! काडी ओढू नकोस! दार उघड, निकेतला बाहेर ने! आई!"

पण काडेपेटी हाती घेतल्यापासून ज्योत स्थिर होईपर्यंत आई कुणाशी बोलत नसे, कुणाचं ऐकतही नसे. जावई गेला त्या वर्षी तिनं हे व्रत धरलं होतं, नातवाचा श्वास चालू राहावा म्हणून.

"निकेत! बाळा, तू तरी ऐक!"

"आजी, आई ओरडतेय फोनवर," निकेत म्हणाला. त्याचा आवाज मोकळा होता, कुठेही घरघर नव्हती.

"श्श्."

मग काडेपेटीचा खण सरकला.