कापलेला तिसरा अंक

इटलीतल्या फेरारात नोव्हेंबरचं धुकं उतरलं की माणसाला स्वतःचे बूटही दिसत नाहीत. अशाच एका दुपारी मी नाट्यगृहामागच्या गल्लीतून चालले होते आणि पाठीवर चेलो बांधलेला एक माणूस सायकलसकट येऊन माझ्यावर आदळला. मी पडले नाही, पण हातातली पावाची पिशवी त्याच्या चाकाखाली गेली.

"मी घंटी वाजवली होती," तो म्हणाला.

"त्यापेक्षा दिवा लावायचा होता."

"या धुक्यात दिवा लावून मला फक्त धुकं दिसतं..." त्यानं चपटा झालेला पाव उचलून उलटसुलट पाहिला. "खाता येईल. एका बाजूनं."

मला हसू आलं, आणि तेच चुकलं. हसल्यामुळे कॉफीला नाही म्हणता आलं नाही.

कोपऱ्यावरच्या काउंटरशी उभं राहून त्यानं न विचारताच सगळं सांगितलं. त्याचं नाव एलिओ मालागू. नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात पहिला चेलोवादक, शिवाय वादकांचा प्रतिनिधी. उद्यापासून म्हणे डोक्याला ताप. सिसिलीकडची कुणी बाई येतेय, जुन्या संगीतातली तज्ज्ञ. हातात संचालकाची काठी न घेता, हार्पसिकॉर्ड या पियानोच्या जुन्या भावंडाशी बसून, ते वाजवत अख्खा ऑपेरा चालवणार. आणि सगळ्यांनी स्टीलच्या तारा उतरवून जनावराच्या आतड्याच्या लावायच्या, कारण साडेतीनशे वर्षांपूर्वी तसंच वाजवायचे.

"साडेतीनशे वर्षांपूर्वी दातसुद्धा पकडीनं उपटायचे," तो म्हणाला. "म्हणून काय मी तसे उपटून घेऊ?"

"कशी आहे हो ती?"

"भयंकर हट्टी, असं ऐकलंय."

"मीही तेच ऐकलंय," मी म्हणाले आणि कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीच्या जागी शिरले तेव्हा तो तारा जुळवत होता. त्यानं वर पाहिलं. कानांपासून सुरू झालेला लाल रंग हळूहळू गळ्यापर्यंत उतरला. मी नजर त्याच्यावरून पुढे नेली, पण फार पुढे नाही.

मी रोझाल्बा इंकांदेला. सिसिलीतल्या त्रापानीच्या बंदरावर मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात माझे वडील काम करत. संगीतविद्यालयात माझे गुरुजी म्हणाले होते, तुझी बोटं चांगली आहेत, पण वाद्यवृंदापुढे उभं राहायचं खूळ डोक्यातून काढ. मी पुढे उभी राहिलेच नाही. मध्ये बसले. त्या काळचं संगीत बसूनच चालवायचं असतं, हे शिकायला हॉलंडला गेले. मग चार मित्र जमवले, फळांच्या टेम्पोत हार्पसिकॉर्ड घालून थंडगार चर्चमध्ये आणि शाळांच्या जेवणघरांत ऑपेरे केले. खरंखुरं नाट्यगृह मला पहिल्यांदाच बोलावत होतं.

मी आल्या आल्या संचालकानं उभं राहायचा मधला उंच चौथरा हलवायला सांगितला. वादक कुजबुजले. एकानं विचारलं, तुम्हाला हाक काय मारायची? पुरुषाला 'माएस्त्रो' म्हणतात, पण 'माएस्त्रा' म्हटलं की आमच्याकडे पहिलीच्या वर्गावरच्या बाई आठवतात.

"माएस्त्रोच म्हणा," मी म्हणाले.

"बरं, बाई," एलिओ अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि सगळे हसले.

पहिले आठ दिवस तो मला बाईच म्हणत होता. आतड्याची तार त्यानं नाइलाजानं चढवली, ती तिसऱ्याच दिवशी तुटून त्याच्या गालावर सपकन बसली. मी रुमाल ओला करून दिला. "साडेतीनशे वर्षांपूर्वीही असंच लागायचं का, बाई?" त्यानं विचारलं. रुमाल मात्र त्यानं परत केला नाही.

आमचं भांडण फार टिकणं शक्यच नव्हतं, त्याला कारण होतं. या संगीतात माझा डावा हात आणि त्याचा चेलो एकच ओळ वाजवतात. गाणारी थांबली की दोघांनी थांबायचं, तिनं श्वास घेतला की दोघांनी घ्यायचा. मला मान वर करायला फुरसत नसायची, म्हणून मी त्याचा श्वास ऐकायला शिकले. आणि एकदा तो ऐकू यायला लागल्यावर... तालीम संपल्यावरही ऐकू यायचा. दुपारच्या सुट्टीत तो कापेल्लाच्ची, म्हणजे भोपळ्याचं सारण भरलेल्या पास्त्याच्या पुरचुंड्या, डब्यातून आणायचा आणि आम्ही खाता खाता तारेवर बोट हलवून स्वर थरथरवावा की माझ्या जुन्या पद्धतीप्रमाणे सरळ धरावा, यावर वाद घालायचो.

"आज एकदाच हलवलं," तो म्हणायचा.

"दोनदा."

"तुम्ही माझ्या बोटांकडे इतकं बघता?"

"ऐकते," मी म्हणायचे, आणि चमचा उगाचच डब्यात फिरवत राहायचे. केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी आधी म्हटलं, यावरूनही आम्ही भांडलो.

ऑपेरा होता याच गावातल्या एका विसरलेल्या संगीतकाराचा. बेटावर टाकून दिलेल्या राणी ओरिंदाची गोष्ट. तिसऱ्या अंकात देव खाली उतरतो, तिला हात देतो, आणि ती तो हात नाकारते. मग एक विलाप गाऊन एकटी समुद्राकडे चालत जाते. देवाला नाही म्हणणारी राणी मी दुसऱ्या कुठल्या ऑपेऱ्यात पाहिली नव्हती. तिच्याचसाठी मी हे काम घेतलं होतं.

पहिला प्रयोग तोंडावर आला तेव्हा नाट्यगृहाच्या संचालिका दोनाता काव्हाल्लारींनी मला खोलीत बोलावलं. फार गोड बोलल्या. फाब्रियानी नावाचे वयोवृद्ध, नावाजलेले माएस्त्रो अचानक मोकळे झाले होते, तेच आता प्रयोग चालवणार होते. लोकांना कुणीतरी उभं राहून हात हलवणारं लागतं. तिसरा अंक फार उदास आहे, तो कापायचा, देवानं हात दिला की पडदा. मी मात्र खाली बसून हार्पसिकॉर्ड वाजवायची, फलकावर 'साहाय्यक' म्हणून नाव येईलच. आणि वादकांनी तर आधीच माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिलेली आहे, असं त्या जाता जाता म्हणाल्या.

मी सांगितलं, दुसरी हार्पसिकॉर्डवाली शोधा.

एलिओ मला जिन्यात भेटला. "तक्रारीवर तुझी सही आहे?" मी विचारलं.

"आहे. पहिल्या आठवड्यातली." त्यानं नजर चुकवली नाही. "परवा मी ती मागे घेतली. काव्हाल्लारी म्हणाल्या, उशीर झाला."

"मला का नाही सांगितलंस?"

"कारण मग तू माझ्याशी भांडली नसतीस. बोललीच नसतीस."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी जिना उतरले.

घरी परत जाणं सोपं होतं. पण राणीची भूमिका करणारी ब्रुना दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आली. तिचा सगळा विलापच कापला होता. ती म्हणाली, मी तो कुठेतरी गाणारच, गायींसमोर गावा लागला तरी. तेव्हा मला त्रापानीचा कारखाना आठवला. समुद्राकाठच्या कोमाक्क्यो गावात ईल मासे भाजून व्हिनेगरमध्ये मुरवायची एक जुनी लांबलचक शेड होती. ती सांभाळणाऱ्या मासेवाल्यांना मी विचारलं. ते म्हणाले, वास येईल. मी म्हटलं, मी त्याच वासात वाढलेय.

सोमवार ठरवला, त्या दिवशी नाट्यगृह बंद असतं. जुने मित्र आले, टेम्पो आला. आम्ही हातानं फलक लिहिले: नाट्यगृहानं कापलेला तिसरा अंक, पूर्ण. लगोलग काव्हाल्लारींनी वादकांना बजावलं की त्यांच्यापैकी कुणी तिथे वाजवलं तर त्यानं परत यायची तसदी घेऊ नये. शुक्रवारी फाब्रियानींचा प्रयोग झाला. एलिओ त्यात वाजवत होता. मला ते कळलं, आणि मी कळलं नसल्यासारखं वागले.

सोमवारी संध्याकाळी शेडमध्ये भट्ट्या पेटवल्या तरी थंडी हटेना. व्हिनेगरचा वास भिंतींत मुरलेला होता. लोक कोट न काढता बाकांवर दाटीनं बसले होते. मासेवाले होते, त्यांच्या बायका होत्या, फेरारातून बसनं आलेलेही बरेच होते. माझ्याजवळची चेलोची खुर्ची रिकामी होती. मी डावा हात ठेवला, श्वास घेतला... आणि शेजारी कुणीतरी खुर्ची ओढली.

"बस चुकली," एलिओ धापा टाकत म्हणाला. "दुसरी धुक्यात रांगत आली. कुठून सुरू करायचं?"

"नोकरी जाईल तुझी."

"कुठून, रोझाल्बा?"

मी स्वर दिला.

त्या रात्री त्यानं एकदाही बोट हलवलं नाही. देवानं हात पुढे केला, ब्रुनानं तो नाकारला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मासेवाली मोठ्यानं "शाबास" म्हणाली आणि कुणी तिला गप्प केलं नाही. विलाप संपला. हार्पसिकॉर्डचा स्वर वाजल्याबरोबर विरून जातो, माझाही गेला. त्याचा राहिला. तो स्वर धरून माझ्याकडे पाहत होता. थांबायची खूण मी करायची होती, आणि मी केली नाही. लोकांना वाटलं, संगीतच तसं आहे.

सकाळी आम्ही कालव्याच्या कठड्यावर बसून तळलेले मासे खात होतो तेव्हा काव्हाल्लारींचा फोन आला. माझ्या सोमवारची गावभर चर्चा होती आणि शुक्रवारी लोक मध्येच उठून गेले होते. उरलेले प्रयोग मी करावेत, तिसरा अंक ठेवू, एलिओलाही परत घेऊ. फक्त चौथऱ्यावर उभी राहा, आणि सोमवारचा प्रकार ही चूक होती असं पत्रकारांना सांग. थोडा वेळ द्या, असं म्हणून मी फोन ठेवला.

एलिओनं तेलकट बोटं पुसली.

"तुझ्या त्या टेम्पोत..." तो म्हणाला, "हार्पसिकॉर्डशेजारी एक चेलो मावेल? आणि चेलोबरोबर त्याचा मालक? कायमचा?"

"पुढच्या आठवड्यात मोदेनाला प्रयोग आहे. शाळेचं जेवणघर आहे. थंडी असेल."

"कुठे जायचं, ते नाही विचारलं मी."

माझे कान गरम झाले होते आणि या वेळी ते त्याला दिसत होते.

"बरं, आधी सोपं सांग," तो म्हणाला. "त्यांना काय कळवणार?"

"नाही."

"आणि मला?"

"तुला हो."