पहिल्या सुराआधीचा श्वास

शेजारचे टेपवाले भाऊजी आमच्या दारात उभे राहिले ते ओव्हन मागायला. मी घरी केक करून विकते, त्यामुळे ओव्हन मागणारे शेजारी मला नवे नाहीत. पण ह्यांच्या हातात ना पीठ होतं ना भांडं. जेवणाच्या ताटाएवढी टेपची रिळं होती, एकावर एक रचून पार हनुवटीपर्यंत आलेली.

"वहिनी, ही भाजायचीत. अगदी मंद. दुपारभर."

"आणि मीठ किती घालू?"

ते हसले, आणि मी चौकशी केल्याशिवाय ओव्हन देणार नाही हे ओळखून सगळं समजावून सांगितलं. जुन्या टेपचा गोंद ओल धरतो आणि चिकट होतो. तशीच मशीनवर लावली तर खरवडून निघते. मंद उबेत ठेवली की गोंद पुन्हा बसतो आणि थोडे दिवस टेप चालते. तेवढ्यात तिच्यावरचं सगळं काँप्युटरवर उतरवून घ्यायचं.

मग काय, माझ्या ओव्हनमध्ये केकऐवजी रिळं शेकायला लागली. घरभर विचित्र वास सुटला. ओला पुठ्ठा, मेण, आणि वर्षानुवर्षं न उघडलेलं कपाट. आमचे हे घरी आले ते दारातच थबकले. "आज कुणाचा बँड वाजवलास?"

"इंग्रजांचा," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. भाऊजींनी उभं आयुष्य रेकॉर्डिंगच्या कामात काढलं होतं, आणि तरुणपणी त्यांनी आपल्या शहराच्या बँडची रेकॉर्डिंगं केली होती. इंग्रज संगीतकारांनी फुंकायच्या वाद्यांसाठी लिहिलेलं संगीत, कुठे कुठे जोडीला व्हायोलिनवाल्यांचा मोठा वाद्यवृंद. खेड्यातल्या जुन्या गाण्यांच्या चाली, कवायतीची पावलं, समुद्राच्या लाटांचं काहीतरी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढं मात्र कळलं, की त्या बँडात पहिल्या रांगेत क्लॅरिनेट वाजवणारी मुलगी म्हणजे आमच्या ताई, भाऊजींची बायको. आता एका मोठ्या कंपनीला ती रेकॉर्डिंगं बाजारात आणायची होती. भाऊजींना घाई होती ती वेगळ्याच कारणाने. ताई ऐकू शकतील तोवर ती बाहेर यायला हवी होती.

ताईंची फुफ्फुसं थकली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं. नाकात नळी, बोटाला तो आकडा दाखवणारा चिमटा. दुपारी भाऊजी शेजारच्या खोलीत हेडफोन लावून कामाला बसत आणि मी ताईंजवळ. मला चौकशा फार, असं सगळी इमारत म्हणते. मी त्याला काळजी म्हणते. कुणीतरी बसायला हवंच होतं.

एकदा भाऊजींनी हेडफोन न लावता मोठ्याने लावलं. मधलं दार उघडं होतं.

"ऐक हं," ताई म्हणाल्या. "सूर नको ऐकूस. सुराच्या आधीचं ऐक."

आधी पोकळ शांतता. मग एखाद्या मोठ्या जनावराने झोपेतून जागं होऊन हवा ओढावी तसा आवाज आला आणि पाठोपाठ सगळी वाद्यं भिंतींवर आदळली. माझ्या हातातली शिवणाची सुई बोटात घुसली.

"अगं बाई! काय होतं हे?"

"श्वास. सगळ्यांचा एकदम. बँडमास्तरचा हात वर गेला की घ्यायचा, खाली आला की सोडायचा. त्या मधल्या क्षणात ना, मनात काहीच नसतं बघ. नवरा नाही, घर नाही, काही नाही."

पुढे एकटी क्लॅरिनेट सुरू झाली. बारीक, धीराचा सूर. पण प्रत्येक ओळीच्या आधी 'हुप्' असा दमदार आवाज. ताईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हा माझा. बँडमास्तर मला सगळ्यांदेखत पंप म्हणायचे. 'पंप आला का? मग सुरू करू या.' सगळे हसायचे. मीही हसायची." त्यांनी नाकातली नळी सारखी केली. "ह्यांना म्हटलंय, माझे तेवढे श्वास काढून टाका. एकदा तरी माझं वाजवणं मला त्या पंपाशिवाय ऐकू दे."

"असे निघतात?"

"आता काय हवं ते निघतं गं. दाढी केल्यासारखं."

त्यानंतर ताईंची तब्येत झपाट्याने उतरली. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. माझं मात्र समाधान होईना. पाव भट्टीत टाकण्याआधी पीठ किती वर आलंय हे बघायची माझ्या डोळ्यांना सवय. ताईंची छातीही मी तशीच बघत बसायचे. वर, खाली. वर, खाली. त्या पेपर वाचत असत आणि मी त्यांच्याकडे बघत असे.

एका दुपारी मधलाच एक श्वास आला नाही.

त्यांना धाप लागली नव्हती. ठसकाही नव्हता. ओठ उघडले, मान किंचित वर झाली, सगळी तयारी झाली आणि हवा आत गेलीच नाही. जिना उतरताना मधली एक पायरी कुणी काढून न्यावी तसं. मग पुढचा श्वास नीट आला. ताईंनी पेपरचं पान उलटलं.

"काय बघतेस?"

"काही नाही... झुरळ होतं."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. या वेळी त्याच्या आधी मला काहीतरी ऐकू आलं होतं. शेजारच्या खोलीतून. टक्. भाऊजींच्या काँप्युटरच्या बटणाचा आवाज.

मी श्वास मोजायचे सोडून तो आवाज ऐकायला लागले. टक्... आणि ताईंची मान वर. टक्... आणि ओठ उघडे. मशीन घरघरत होतं, नळी जागेवर होती, आणि मधेमधे ताई एखाद्या फोटोसारख्या थांबत होत्या. भाजलेल्या टेपचा तो वास त्या खोलीतून आत येत होता. पाणी आणते म्हणून मी उठले आणि थेट भाऊजींच्या मागे जाऊन उभी राहिले.

"आत्ता काय केलंत?"

त्यांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला. "हिचा एक श्वास काढला. हे बघा." पडद्यावर आवाजाचे काळे डोंगर होते आणि दोन डोंगरांच्या मधल्या सपाटीवर काट्याचं एक छोटं झुडूप. "हा कापायचा आणि तिथे रिकाम्या हॉलची शांतता भरायची. नुसतं भोक ठेवलं तर कानाला ठेच लागते."

"परत ठेवा."

"अहो वहिनी..."

"आधी ठेवा. मग वेडी म्हणा मला."

माझा चेहरा बघून त्यांनी बटण दाबलं. झुडूप जागेवर आलं. आणि आतल्या खोलीतून मशीनच्या घरघरीवरून स्पष्ट आवाज आला... हुप्.

तो आजारी बाईचा श्वास नव्हता. तो क्लॅरिनेट वाजवणाऱ्या त्या मुलीचा होता.

भाऊजींचं हसू अर्धवट राहिलं. "योगायोग," ते म्हणाले, पण अगदी हळू.

मी त्यांची खुर्ची फिरवली. उघड्या दारातून ताईंचा पलंग दिसत होता. "आता तिकडे बघत काढा."

त्यांनी बटणाकडे न बघता ते दाबलं. पलंगावर ताईंची मान वर झाली. ओठ उघडले. आणि ताई तशाच राहिल्या. या वेळी पुढचाही श्वास येईना. पेपर हातातून घसरला. बोटाचा चिमटा बारीक आवाजात ओरडायला लागला.

"भाऊजी, ठेवा..."

त्यांचं बोट बटणांवर नुसतं चाचपडत होतं. उभा जन्म ज्या माणसाने बटणंच दाबली, त्याला एक बटण सापडेना. मग सापडलं. हुप्. ताईंची छाती वर आली, खाली गेली. चिमटा गप्प झाला.

"किती काढलेत?"

"परवापासून... हिचे म्हणाल तर जवळजवळ सगळेच." त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "वहिनी, हिनेच सांगितलं होतं हो. हिच्यासाठीच..."

संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेक श्वास परत जागेवर ठेवला. मी पलंगापाशी बसून ते परत येताना बघितले. एखादं रोपटं उन्हात ठेवल्यावर तरारावं तसा ताईंच्या गालांवर रंग येत गेला.

खरं कारण त्यांना कोण सांगणार? भाऊजींनी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं की श्वास काढलेले नाहीत. ताई भडकल्या.

"म्हणजे आता जगभर पंप वाजणार माझा?"

"वाजू दे. आपला बँड वाजण्यापेक्षा बरं."

"एक काम सांगितलं होतं. एक!"

"त्या श्वासांशिवाय ते तुझं वाटतच नाही गं," भाऊजी म्हणाले. ते खोटं नव्हतं. ताईंनी दोन दिवस अबोला धरला, मग विरघळल्या. खिडकीपर्यंत चालत आल्या. माझ्या केकला 'कोरडा झालाय' म्हणून नावं ठेवली, आणि दुसरा तुकडा मागितला. भाऊजींनी सगळं काम कंपनीला पाठवून दिलं आणि बजावून सांगितलं की श्वासांना कुणी हात लावायचा नाही. तिकडचा मुलगा म्हणाला, "नाही लावणार, सर."

मला हायसं वाटलं होतं. अशाच एका दुपारी मी ताईंच्या केसांना तेल लावत होते. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या सुनेने काय केलं, असं आमचं चाललं होतं. ताई हसत होत्या. हसता हसता माझ्या हाताखालची त्यांची पाठ ताठ झाली.

मी पुढे येऊन बघितलं. त्या बसल्या जागी सरळ झाल्या होत्या. दोन्ही हात छातीपुढे आले होते, एक वर एक खाली, बोटं हवेतल्याच कुठल्या तरी भोकांवर नेमकी ठेवलेली. नजर समोरच्या भिंतीकडे, जरा उंचावर. कुणीतरी उंच जागी उभं असावं तशी.

मग त्यांनी श्वास घेतला. मोठा, खोल. छाती वर आली.

मी ती खाली यायची वाट बघत राहिले.

"ताई?"

डोळे उघडे होते, चेहरा शांत होता, घाबरलेला मुळीच नव्हता. छाती तशीच वर. शेजारच्या खोलीत भाऊजींचा फोन वाजला. त्यांनी तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला आणि तो मुलगा उत्साहाने बोलायला लागला.

"सर, श्वास एकही काढला नाही हं. फक्त एक छोटी गंमत केलीय. पहिल्याच तुकड्यात सगळे श्वास घेतात ना, त्याच्यानंतर आणि पहिल्या सुराच्या आधी जागा जरा वाढवली. ऐकणारा अगदी खिळून बसतो!"

भाऊजी फोन हातात घेऊनच धावत दारात आले. त्यांनी ताईंना बघितलं.

"किती...?" ते फोनमध्ये म्हणाले. "किती वाढवलीस?"

"ते अजून ठरवतोय, सर. आत्ता उघडंच आहे समोर. ओढून बघतोय."

चिमटा ओरडायला लागला. ताईंचे ओठ निळे पडत होते, पण बोटं ढळली नाहीत. त्या वाट बघत होत्या. बँडमास्तरचा हात खाली येण्याची.

"काढ!" भाऊजी ओरडले. "जसं होतं तसं कर! आत्ता! माझ्यादेखत कर!"

"सर, पण ऐकून तर..."

"कर रे, बाळा..."

पलीकडून बटणाचा आवाज आला. टक्.

ताईंची छाती खाली आली. आणि त्यांच्या रिकाम्या हातांमधून, उघड्या ओठांमधून, हे मी कुणाला सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील, एक बारीक, धीराचा सूर खोलीत पसरला. क्षणभरच. मग त्या उशीवर टेकल्या आणि साधे, आजारी, गोड श्वास घ्यायला लागल्या. मी रडत रडत त्यांचे तेलकट केस कुरवाळत बसले.

"सगळे होते गं," त्या पुटपुटल्या. "किती दिवसांनी. मास्तरांनी हात किती वेळ वर धरून ठेवला... मग आला बाई खाली. सुटले सगळे." त्यांच्या कपाळावर आठी आली. "एकच जण मागे राहिला. त्याने धरलेला श्वास अजून सोडलाच नाही."

"कोण? मागच्या रांगेतलं कुणी?"

"मागच्या रांगेच्याही मागे." त्यांना झोप येत होती. "तिथे वाजवणारं कुणी नसायचं. तिथे मशीन घेऊन हे बसायचे. आमचं सुरू होईपर्यंत श्वास रोखून. टेपवर यायला नको म्हणून..."

मी वळून बघितलं.

भाऊजी दारातच उभे होते. फोनमधून तो मुलगा "सर? सर, आहात का?" असं विचारत होता. भाऊजी माझ्याकडेच बघत होते आणि त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं होतं. गप्प राहा, असं सांगत होते. मी ताईंच्या केसांतला हात तसाच ठेवला आणि भाऊजींच्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिले.

खिशातलं पेन जराही वरखाली होत नव्हतं.