मागच्या सीटचं वजन

तुम्ही विचारलंत, क्रूझर मोटरसायकलच्या इंजिनाची ताकद वाढवून देता का? देत होतो. हौसेनं देत होतो. आता बाकी सगळं करतो, तेवढं एक काम हातात घेत नाही. कारण ऐकायचं असेल तर बसावं लागेल. बसा. तो दिवा जरा इकडे ओढा.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, घाटावरच्या शाळेत गणित शिकवायचे. माणूस इतका सावध, की उभ्या आयुष्यात कुणाला मागे टाकून पुढे गेला नसेल. पन्नाशी उलटल्यावर काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी क्रूझर घेतली. लांबलचक, बसकी, मागे वळलेल्या हँडलाची. आरामखुर्चीत बसावं तसे तिच्यावर रेलून ते रोज घाट चढून शाळेत जायचे. ताई म्हणायची, "सायकलवालेसुद्धा पुढे निघून जातात, आणि हे त्यांना हात दाखवतात!"

असे हे दाजी एका दुपारी गॅरेजवर आले. मी एका स्कूटरचा ब्रेक आवळत होतो. हेल्मेट न काढताच म्हणाले, "हिची ताकद वाढवून दे. जितकी वाढेल तितकी."

मला हसूच आलं. "या वयात शर्यत लावायचीय का, दाजी?"

"चढाला ओढत नाही रे."

"प्लग बघतो, कार्बोरेटर साफ करतो. इंजिनाला हात कशाला लावायचा?"

"ते सगळं ठीक आहे. मला ताकद हवीय."

मी गाडी घेतली आणि मागच्या टेकडीवर फेरी मारून आलो. लोण्यातून सुरी जावी तशी चढली. इंजिनात काडीचाही दोष नव्हता. परत येऊन तसं सांगितलं. दाजी हळूच पुढे झाले आणि सीटवर बसले. बसले ते पुढच्या सीटवर, पण मागचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर दबले. एकदा दाजींच्या वजनानं. मग ते नीट टेकल्यावर, क्षणभरानं, पुन्हा एकदा. कच्... असा बारीक आवाज झाला आणि मागचा मडगार्ड चाकाला टेकायच्या बेतात आला.

दाजी माझ्याकडे बघत होते. "दिसलं ना?" एवढंच म्हणाले.

स्प्रिंग गेली असेल, असं मी स्वतःशी म्हटलं. मेकॅनिकचं डोकं असंच चालतं, आधी स्प्रिंगवर संशय. पण खात्री करायला म्हणून मी त्यांना जवळच्या लाकडाच्या वखारीत नेलं. तिथं ट्रक तोलायचा वजनकाटा आहे. काटेवाला ओळखीचा. आधी रिकामी गाडी तोलली. मग दाजींना बसायला सांगितलं. मी लांब, ओंडक्यांपाशी उभा होतो. काटेवाला आपल्या काचेच्या खोलीत आकड्याकडे बघत होता. मान वर न करताच खेकसला, "अहो, एकट्याचं वजन करायचं म्हणाला होतात ना? मागच्याला उतरवा की!"

मग त्यानं मान वर केली. दाजींकडे बघितलं. त्यांच्या मागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, आणि बराच वेळ तिथंच बघत राहिला.

"काटा बिघडलाय," तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "आज बंद आहे. या तुम्ही."

तिथून मी थेट ताईकडे गेलो. दाजींना बाहेर ठेवून तिला स्वयंपाकघरात गाठलं. काय झालंय ते सांगायची वेळच आली नाही. माझा चेहरा बघून तीच खुर्चीत बसली.

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

"मला ठाऊक नाही. मी त्या गाडीवर बसायचं सोडलंय एवढं खरं. शेवटची बसले तेव्हा यांच्या मागे सरकायला जागाच नव्हती रे. सीट मोकळी दिसत होती. पण बसायला गेले, तर... कुणी आधीच बसलेलं असतं ना, तसं लागलं. गार. भिजलेल्या घोंगडीसारखं."

"मग गाडी विकून टाका."

"एक दिवस हे बसनं गेले होते." ती दाराकडे बघत आवाज दाबून बोलत होती. "गाडी अंगणात. मी इथं तांदूळ निवडत बसले होते. भर दुपार. बाहेरच्या खोलीत सोफ्याची गादी दबली. मी बघत होते, हां. आपोआप दबली आणि तशीच राहिली. दिवसभर. मी तिथून उठले नाही, पाणी प्यायला सुद्धा नाही. संध्याकाळी यांची चाहूल लागली तेव्हा कुठं गादी वर आली." तिनं माझं मनगट धरलं. "त्याला न्यावंच लागतं. नाही नेलं तर ते इथं बसतं. आणि दर महिन्याला जड होत चाललंय."

त्यानंतर दाजींनीही तोंड उघडलं. घाटात एक वळण आहे, सगळ्यात खड्या चढाचं. तिथं गाडी खालच्या गिअरवर घ्यावीच लागते, वेग माणसाच्या चालीवर येतो. पावसाळा सरताना, एका धुक्याच्या सकाळी, तिथंच मागून गाडी दबली. चालत्या बसला कुणी उडी मारून लटकावं तशी. त्यांना वाटलं, खड्डा असेल.

"मग कळलं कसं?"

"आरशात." दाजी आपल्या तळव्यांकडे बघत होते. "इंजिन थरथरतं म्हणून आरसाही थरथरतो, त्यात नीट काही दिसत नाही. पण एका वेगाला ती थरथर थांबते. तुला माहीत असेल."

माहीत होतं. प्रत्येक गाडीचा असा एक वेग असतो. तिथं आरसा अगदी तळ्यासारखा शांत होतो.

"या वजनानं गाडी चढाला नेमकी त्याच वेगावर अडकते. वर नाही जात, खाली नाही येत. सगळा घाट... आरसा स्वच्छ."

"आरसे काढून टाका मग!"

"काढले होते." दाजींनी आपल्या खांद्यावरून हात फिरवला. "मग ते खांद्यावरून पुढे वाकून बघायला लागलं. म्हणून पुन्हा बसवले."

काय दिसतं, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

त्यांचा हिशेब साधा होता, गणिताच्या मास्तरांचा. जे चालत्या गाडीवर चढलं, ते चालत्या गाडीवरून पडूही शकतं. जिथं चढलं, तिथंच असा झटका द्यायचा की त्याची पकड सुटेल. त्यासाठी इंजिन हवं होतं. मला पटलं असं नाही. पण माझ्याकडे दुसरं काय होतं? पान्यापलीकडे मला काही येत नाही.

गाडी माझ्याकडे येणार म्हटल्यावर ताईला आमच्या घरी आणलं. दाजींनी रजा टाकली आणि घरीच राहिले. "कुणीतरी त्याच्याजवळ राहायला हवं," म्हणाले, जणू घरात आजारी माणूस आहे.

मी इंजिन उतरवलं. सिलिंडर लेथवाल्याकडून मोठा बोअर करून आणला, त्यात मोठा पिस्टन बसवला. कॅमशाफ्ट बदलला, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडतील, जास्त वेळ उघडे राहतील. मोठा कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर, क्लचला कडक स्प्रिंगा. मागचं दातेरी चक्रही बदललं. वरचा वेग गेला तरी चालेल, उडी हवी. एरवी या कामात मी शीळ घालतो. या खेपेला सगळं तोंड मिटून केलं. ताईनं दाजींना दोन-तीनदा फोन लावला. ते म्हणायचे, "ठीक आहे गं. आम्ही ठीक आहोत." त्या 'आम्ही'वर ती फोन ठेवून द्यायची.

काम संपल्यावर मी किक मारली, तेव्हा फळीवरचे पाने वाजले. आवाज छातीत बसत होता. मनात आलं, या आवाजानंच जे असेल ते पळावं.

दाजी गाडी न्यायला आले तेव्हा खंगले होते. खांदे एका बाजूला झुकलेले, पाठीवर कुणाला घेऊन आल्यासारखे. बसले. शॉकअ‍ॅब्सॉर्बर दबले. मग पुन्हा दबले. ताईनं गॅरेजच्या दारातून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

मी माझ्या जुन्या मोटरसायकलवर मागून निघालो. सकाळची उन्हं होती, आकाश स्वच्छ. घाटात रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. कामाला सुट्टी असावी, माणूस दिसत नव्हता. कडेला दगडाची पांढरी भुकटी पसरून ठेवलेली, पिठासारखी. वारा पडलेला. दोन इंजिनांशिवाय कसलाच आवाज नाही, पाखरांचा सुद्धा नाही.

दाजी सावकाश चढत होते. ताकद राखून. मी बराच जवळ होतो. त्यांच्या मागची सीट मला डोळ्यांसमोर दिसत होती, रिकामी, तिच्यावर ऊन पडलेलं. मध्ये काही म्हणजे काही नव्हतं.

मग त्यांच्या आरशाची थरथर थांबली.

मागून येणाऱ्याला पुढच्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसतो. तसा मला दाजींचा चेहरा दिसायला हवा होता. दिसला नाही. मध्ये काहीतरी होतं. गडद. ओलसर. ते दाजींच्या मानेवर टेकलेलं होतं. मी बघतोय हे त्याला कळलं असावं, कारण ते हळू... अगदी हळू... वळायला लागलं.

"दाजी!" मी ओरडलो. "आता! आता!"

वळण आलंच होतं. दाजींनी गिअर पाडला, क्लच दाबून इंजिन गर्जवलं आणि क्लच एकदम सोडला. गाडीचं पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. त्या सावध माणसानं अशी किंकाळी फोडली की ती अजून माझ्या कानात आहे. क्रूझर तोफेच्या गोळ्यासारखी वर झेपावली, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तिची मागची बाजू झटकन वर आली. हलकी झाली.

त्याच क्षणी मी ब्रेक दाबला. का दाबला ते सांगता येणार नाही. रस्ता मोकळा होता. पण समोर काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज मी ऐकला. भिजलेल्या घोंगडीचा वास आला. मी हँडल वळवलं आणि त्या मोकळ्या जागेला वळसा घालून, मान न फिरवता, वर गेलो.

घाटमाथ्यावर दाजी गाडी उभी करून रस्त्यावरच बसले होते. हसत होते की रडत होते, त्यांनाच ठाऊक. मला मिठी मारली. म्हणाले, "पिसासारखी झाली रे! पिसासारखी!" मग मला बसवलं, स्वतः बसले, उतरले, पुन्हा बसले. शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकेकदाच दबत होते. ताईला फोन लावला. तिच्याशी बोलता बोलता दाजींना शब्द सुचेनात, म्हणून फोन माझ्याकडे दिला.

बराच वेळ तिथंच बसलो. मग उतरायला लागलो. दाजी पुढे, मी मागे. त्या वळणावर दाजी थांबले. मला वाटलं, नमस्कार करतायत. पण ते खाली बघत होते.

रस्त्याच्या मधोमध एक ओला डाग होता. तिथून कडेच्या पांढऱ्या भुकटीत अनवाणी पावलं सुरू झाली होती. वरच्या बाजूला नाही, दरीकडे नाही. खाली. रस्त्यानं खाली. पहिली काही पावलं जवळजवळ होती, चाचपडत टाकावीत तशी. मग अंतर वाढत गेलं. पुढे पुढे तर एका पावलापासून दुसऱ्यापर्यंत माणसाची ढांग पोचली नसती.

"पळालंय," दाजी म्हणाले.

"आपल्या मागे नाही ना आलं? मग झालं तर." मी म्हटलं खरं, पण आम्ही गाड्या ढकलत, त्या पावलांच्या कडेकडेनं चालत उतरलो. तो माग मध्येच सोडून जावंसं दोघांनाही वाटेना.

खाली, जिथं रस्ता जरा सपाट होतो आणि दरीचं दृश्य बघायला लोक थांबतात, तिथं एका मोटारीच्या चाकांचे ताजे माग होते. मोटार खालून येऊन कडेला थांबली होती, आणि मग वळून घाट उतरून निघून गेली होती. मोठ्या माणसांच्या चपला-बुटांचे ठसे कठड्यापर्यंत जाऊन आले होते. अनवाणी पावलं मोटारीच्या जराशी अलीकडे येऊन थांबली होती. तिथं संपली होती. पुढे नव्हतीच.

त्यांच्यासमोर लहान बुटांचे दोन ठसे होते. चार-पाच वर्षांचं पोर असेल. मोटारीतून उतरून एकटंच तिथवर आलेलं. येतानाचे ठसे हलके, भुकटी जेमतेम विस्कटलेली.

आणि परत मोटारीकडे गेलेले तेच लहान ठसे... दाजींनी वाकून त्यात बोट घातलं. बोट मुळापर्यंत आत गेलं.