बंद लॅपटॉपची भूक

"आज पण मेला!" सूरज ओरडला.

तेजस्वीनं त्याला बाजूला सारलं आणि स्वतः बटण दाबलं. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र उमटलं, एकदा लुकलुकलं आणि गेलं. काल दुपारीच तिनं लॅपटॉप शंभर टक्के भरून, नीट बंद करून ठेवला होता! परवाही तेच, त्याच्या आदल्या दिवशीही तेच.

बेळगावजवळच्या कडोलीच्या पुढं असलेल्या या गावात सकाळची लाइट नसते, ती येते अकराच्या पुढं. वाचनालयाचा हा जुना लॅपटॉप भरलेला नसेल, तर सकाळ फुकट जाते. आणि इथं एकेक सकाळ मोलाची होती. मुलांनी भावकूअण्णांच्या चुरमुऱ्याच्या भट्टीवर फिल्म काढली होती. रविवारी ती देवळापुढं दाखवायची हे गावभर झालं होतं, आणि निम्मी फिल्म जोडायची अजून बाकी होती!

तेवढ्यात वाचनालयाचे सेक्रेटरी मारुतीराव आत आले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. लॅपटॉपच्या कपाटाची एकुलती एक किल्ली त्यांच्या खिशात असे.

"तेजस्वी, तू त्यो बंदच करत न्हाईस. झाकण मिटलं म्हंजे बंद झालं व्हय?"

"केलता आप्पा! खरंच केलता!"

"मग चार्ज कुठं गेला? बंद यंत्राला भूक नसती! उद्या परत असं झालं, तर लॅपटॉप कपाटातच ऱ्हाईल. फिल्म न्हाय आणि काय न्हाय."

आप्पा निघून गेले. तेजस्वीला रडू आलं नाही, राग आला. फिल्म राहिली असती तर वाईट वाटलंच असतं. पण खोटारडी ठरणं तिला त्याहून लागलं. तिचे कान तापून लाल झाले.

"चिडून काय होणार? आधी बघूया की," स्वराली म्हणाली. ही तेजस्वीची मावसबहीण, बेळगावहून सुट्टीला आलेली. कुणी न विचारता सल्ला देणं हा तिचा छंद! तिनं लॅपटॉप उचलून कडेनं न्याहाळला.

"ही दोन काळी भोकं बघ, धुळीनं भरलीत. हे पिवळं मात्र लख्ख! शेजारी विजेची खूण पण आहे. यात रोज कुणीतरी वायर घालतंय."

"आम्ही तर पेनड्राइव्ह दुसऱ्या बाजूला लावतोय!" सूरज म्हणाला.

लाइट आल्यावर त्यांनी लॅपटॉप भरला, चार्जर काढला आणि तो पूर्ण बंद केला. मग सूरजनं आपल्या आईचा मोबाइल पिवळ्या भोकाला जोडला.

टुंग!

"आयला! बंद असून बी करंट देतोय!"

"काही लॅपटॉपना तशी सोय असते," स्वराली म्हणाली. "पण तो करंट येतो लॅपटॉपच्याच बॅटरीतनं. ही बॅटरी म्हातारी. कितीशी पुरणार?"

"पर कपाटाला तर कुलूप असतंय," सूरज हळूच म्हणाला. "आणि किल्ली..."

किल्ली तर आप्पांच्याच खिशात! आप्पांना विचारायचं? मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

"काय बोलायचंच न्हाय," तेजस्वी म्हणाली. "ती सोयच बंद करूया. ज्याचं अडंल, त्यो आपणहून बोंबलत ईल!"

लॅपटॉप सुरू होता होता स्वरालीनं एक बटण दाबून धरलं. निळ्या पडद्यावर सेटिंगची यादी आली. 'बंद असताना यूएसबीला वीज' अशा अर्थाची ओळ इंग्रजीत होती. तिथली खूण तेजस्वीनं काढली. लॅपटॉप पुन्हा बंद करून मोबाइल जोडला, तर मोबाइल गप्प! मग त्यांनी लॅपटॉप पुन्हा पुरता भरून ठेवला, आणि दुपारी आप्पांनी नेहमीसारखं कपाटाला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा लंगडतच आले. गुडघ्यावर हळदीचा लेप!

"काय झालं आप्पा?"

"रातच्याला उसाला पाणी पाजाय गेलतो. अर्ध्या सरीत टॉर्च गेला की! पाटात असा आपटलो! रोज झ्याक भरत व्हता, कालच काय धाड भरली त्याला!"

"कुठं लावताय चार्जिंगला?" तेजस्वीनं अगदी साळसूदपणे विचारलं.

"ह्या लॅपटॉपला की! टॉर्चची वायर हाय, पर भिंतीत खुपसायचं डोस्कं नातवानं हरवलंय. म्हटलं, ह्यो दुपारभर बंदच असतोय. आत उरल्याला करंट वाया कशाला..."

आप्पांनी चमकून लॅपटॉपकडं पाहिलं.

तेजस्वीनं बटण दाबलं. शंभर टक्के!

"बंद यंत्राला भूक नसती आप्पा," ती म्हणाली. "पर त्याच्या ताटातलं दुसरंच कोण जेवून गेलं, तर ते उपाशी ऱ्हाणारच की!"

सूरजनं तोंडावर हात दाबला, तरी हसू फुटलंच. आप्पांनी एकदा गुडघ्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग खिशातली किल्ली काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

रविवारी देवळापुढं गाव जमला. फिल्म लागण्याआधी आप्पा उठले आणि स्वतःच्या फजितीची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. पाट मात्र सांगताना जरा जास्तच खोल केला. भावकूअण्णांनी तिघांना चुरमुऱ्यांची भली मोठी पुडी दिली. "पोरं लई हुशार निघाली!" ते म्हणाले.

"हुशार हाईतच," आप्पा म्हणाले. "पर आधी एक ऐका. ही पोरगी रोज लॅपटॉप बंद करत व्हती. खरं बोलत व्हती. मीच तिला खोटी पाडली."

सगळा गाव तेजस्वीकडं बघायला लागला. तिचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी रागानं नव्हे.