फळी कोणी धरली होती

दार लोटून घ्या आणि बसा. माझ्या ओळखीतल्या एका सुताराची गोष्ट आहे. त्याच्याच तोंडून ऐकलेली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

दोघे भाऊ, सुतारखाना एक. थोरला बावीस वर्षं उपासनेला पहिल्या बाकावर. चर्चचे बाक, खिडक्या, सगळं फुकटात दुरुस्त करणारा. धाकटा सहा वर्षं दारूत बुडालेला. बायकोचे कानातलेसुद्धा विकून झाले होते. अकरा महिन्यांपूर्वी सुधारून परत आला. आणि पाळकसाहेबांनी रविवारचं शास्त्रवाचन, म्हणजे व्यासपीठावरून बायबल वाचायचा मान, दिला कोणाला? त्यालाच.

थोरल्याच्या पोटात दुखलं. “साहेब, त्याचा काय भरवसा?”

“माणसाचा नसतोच रे. तुझा नाही, माझाही नाही. म्हणून तर देवावर ठेवायचा.”

त्यातलं “तुझा नाही” तेवढं थोरल्याच्या कानात राहिलं.

घरी बायको म्हणाली, “भाऊजींनी वाचनासाठी नवा शर्ट घेतलाय.”

“मग त्यालाच वाढ जेवायला.”

शनिवार, चौदा मार्च. रात्री पावणेअकराला “खिडकीची कडी बसवून येतो” म्हणून तो करवत घेऊन निघाला. चर्चची किल्ली त्याच्याकडेच असायची. व्यासपीठाला तीन लाकडी पायऱ्या, त्यांच्या वडिलांनी केलेल्या. वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिसऱ्या पायरीची फळी काढायची, खालच्या अंगानं अर्धी कापायची, पुन्हा बसवायची. सकाळी धाकटा भरल्या मंडळीसमोर तोंडावर आपटणार. लोक म्हणणार, पुन्हा प्यायला.

त्यानं दार आतून लावलं. फळी उलटी करून दोन बाकांवर आडवी टाकली. मोबाइलचा उजेड फक्त रेघेवर. एकट्यानं कापताना फळीचं पलीकडचं टोक थडथडतं. तसं ते थडथडत होतं.

मग थांबलं.

बरं झालं, त्याला वाटलं. करवत अडकू लागली की पलीकडचं टोक कोणीतरी हलकेच खाली दाबल्यासारखं व्हायचं. काप सैल व्हायचा.

वडील असंच धरायचे. पोरगा चुकीच्या रेघेवर कापत असला तरी. चूक सांगायचे, पण करवत हिसकावून घ्यायचे नाहीत. म्हणायचे, “रेघ तुझी, हात तुझा. मी धरलंय.”

त्यानं मान वर केली नाही.

ए, तू दाराकडे काय बघतोस? इकडे बघ, गोष्ट ऐक.

उजेडात एक हात आला. फळीवरून सरकत... आणि कापावर उताणा पडला.

“बाजूला घ्या,” थोरला म्हणाला.

हात हलला नाही. त्यानं अडवलंही नाही.

नवा शर्ट थोरल्याच्या डोळ्यांसमोर आला. इस्त्री केलेला.

त्यानं करवत एकदा ओढली.

...

हात मागे गेला नाही.

करवत कधी खाली पडली ते त्याला आठवत नाही. दोन वाजता तो सुतारखान्यात होता. नवी फळी कापत. एकटाच. तीही थडथडली नाही. उजाडायच्या आत नवी पायरी जागेवर बसली होती.

धाकटा चढला. तिसऱ्या पायरीवर क्षणभर थबकला, शेवटी सुताराचं पोर. वाचलं. अडखळला, पण वाचलं. नंतर बाहेर थोरल्याजवळ आला.

“दादा, पायरी नवी केलीस.”

“हं.”

“टोकाला एक कपचीही उडालेली नाही. ही एकट्यानं कापलेली नाही. फळी कोणी धरली होती?”

थोरला स्वतःचे हात बघत राहिला. एकही ओरखडा नव्हता.

त्या पायरीखाली मी स्वतः बॅटरी घेऊन शिरलोय. उजव्या टोकाला, खालच्या अंगाला, एका तळव्याचा ठसा आहे. काळपट. थोरल्याच्या हाताहून मोठा. रंधा मारून जात नाही.

मधोमध एक आडवी चीर आहे... करवतीच्या रुंदीची.